वाडी ते जेटी: वायरलेस मेश लावताना लिंक कशी जोखायची

मे महिन्यात वारा सुटला की आमच्याकडे आधी लाईट जाते, मग काही तासांत टॉवरची बॅटरी उतरते आणि मग फोन नुसता टॉर्च म्हणून उरतो. ३ जून २०२० ला निसर्ग आलं तेव्हा श्रीवर्धन-मंडणगड-दापोली पट्ट्यात काय झालं ते कोकणात कुणाला नव्याने सांगायला नको, आणि पुढच्याच मे महिन्यात तौक्ते. त्यानंतर मी आणि वाडीतल्या दोन पोरांनी ठरवलं की टॉवर असो नसो, वाडी, शाळा, जेटी आणि जमल्यास खाडीतल्या दोन होड्या एकमेकांशी बोलल्या पाहिजेत, निदान मेसेज आणि आवाज तरी जावा. जुने राउटर गोळा केले, व्हिडिओ बघून लावले, चालले पण! दुसऱ्या दिवशी चालले नाहीत. तिसऱ्या दिवशी परत चालले. हा लेख त्या मधल्या दिवसाबद्दल आहे, कारण राउटर लावायचे कसे हे सगळेच सांगतात, पण लिंक (दोन राउटरमधली हवेतली जोडणी) चांगली की वाईट हे ओळखायचं कसं ते कोणी धड सांगत नाही आणि नवीन माणूस नेमका तिथेच रुततो.

आधी चित्र डोक्यात बसवा

नेहमीच्या वायफायमध्ये एक राउटर मालक आणि बाकी सगळे गिऱ्हाईक. अॅड हॉक किंवा मेशमध्ये असा मालक नाही, प्रत्येक नोड, म्हणजे जाळ्यातला प्रत्येक राउटर, स्वतःचं बोलतो आणि दुसऱ्याचं पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) पुढे पण ढकलतो. आपण नाही का एसटीच्या कंडक्टरकडे पिशवी देतो, "कणकवली स्टँडवर भाचा येईल त्याला द्या", तसंच. फक्त इथे कंडक्टर बदलत राहतात, गाड्या कधी येतात कधी येत नाहीत आणि भाचा पण स्टँडवर एका जागी उभा नसतो. पिशवी कुठल्या गाडीत टाकायची हे ठरवणं म्हणजे राउटिंग.

या विषयावर लोक जुने आहेत. डीएसडीव्ही नावाचा राउटिंगचा प्रोटोकॉल (नियमसंच) १९९४ चा, इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफचा मॅनेट नावाचा गट १९९७ चा, आणि एओडीव्ही, ओएलएसआर या दोन प्रोटोकॉलचे आरएफसी, म्हणजे जाहीर नियमपत्रं, २००३ मध्ये आली. दोघांचे स्वभाव उलटे. ओएलएसआर आधीच सगळ्या रस्त्यांचा नकाशा तयार ठेवतो, कुणी विचारो न विचारो. एओडीव्ही आळशी, पॅकेट हातात आलं की मग ओरडून विचारतो "कोणाला रस्ता माहितीये का रे". नोड एका जागी असतील आणि सतत बोलणार असतील तर पहिला प्रकार बरा, नोड भरपूर आणि बोलणं क्वचित असेल तर दुसरा. गावच्या कामाला तुम्ही यातलं काहीच सुरुवातीला निवडायला जाऊ नका, ओपनडब्ल्यूआरटीवर (राउटरवर टाकायचं मोफत सॉफ्टवेअर) बॅटमॅन-अॅडव्ह हा मेशचा प्रोटोकॉल घ्या. जर्मनीतल्या फ्रायफुंक या लोकांनीच चालवलेल्या मेशच्या मंडळींमधून आलेला आहे, २०११ पासून लिनक्स कर्नलमध्येच आहे, मदत भरपूर मिळते. बाबेल हा दुसरा प्रोटोकॉल पण चांगला आहे, रस्ता बदलताना पॅकेट गोल गोल फिरत बसणार नाही याची त्याने विशेष काळजी घेतलीये, पण तो आयपीच्या थरावर चालतो त्यामुळे नवशिक्याला पत्त्यांचं गणित आधी करावं लागतं.

आता मुख्य गोम. जुन्या प्रोटोकॉलचं मूळ रूप हॉप मोजायचं, म्हणजे कमी टप्पे तो चांगला रस्ता. ऐकायला बरोबर वाटतं. पण दाभोळहून धोपाव्याला जायचं तर नकाशावर खाडी ओलांडली की झालं, फेरीबोट लागली असेल तर खरंच झालं, पण शेवटची फेरी गेली असेल तर तो "जवळचा" रस्ता काय कामाचा? मग चिपळूणवरून वळसाच. वायरलेसमध्ये हे रोज होतं, आणि वर गंमत अशी की कमी हॉपचा रस्ता म्हणजे लांब लांब उड्यांचा रस्ता, आणि लांब उडी म्हणजे कमजोर लिंक. म्हणजे हॉप मोजणारा प्रोटोकॉल हटकून वाईट लिंकच शोधून काढतो!

सामान

हे पटकन उरकतो. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमवाले जुनाट राउटर आता नवीन ओपनडब्ल्यूआरटीला पुरत नाहीत, १६ आणि १२८ वाले घ्या, सेकंडहँड चालतील. अँटेना बाहेर काढता येईल असाच घ्या, आतल्या अँटेनाचा सुंदर पांढरा डबा दिवाणखान्यात शोभतो, माडाच्या खांबावर नाही. फोन थेट मेशमध्ये घुसेल अशी आशा ठेवू नका, साध्या अँड्रॉइडमध्ये अॅड हॉक मोड चालत नाही, त्यामुळे प्रत्येक राउटरवर मेशसोबत एक साधं वायफाय पण चालू ठेवायचं आणि फोन त्याला जोडायचे. मेशला पासवर्ड लावायचा तर डब्ल्यूपॅडचं (वायफायचा पासवर्ड सांभाळणारा प्रोग्राम) मेशवालं पॅकेज टाकावं लागतं, सोबत येणारं छोटं पॅकेज पुरत नाही, आमची एक अख्खी संध्याकाळ यात गेली. सगळ्या नोडवर चॅनेल एकच हवा, १, ६ किंवा ११ पैकी. बॅटमॅन प्रत्येक पॅकेटला स्वतःचं वेष्टन चढवतो म्हणून खालच्या इंटरफेसचा एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी, बाइटमध्ये) १५०० वरून १५३२ च्या पुढे न्या, नाहीतर पिंग ("आहेस का" विचारणारं छोटं चाचणी पॅकेट) जातं आणि फोटो अडकतो असला भुताटकीचा प्रकार होतो.

२.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे विनापरवाना वापरता येतो पण पॉवरला मर्यादा आहे, सेटिंगमध्ये देश भारतच ठेवा, दुसरा देश टाकून पॉवर वाढवायची आयडिया सगळ्यांना सुचते, करू नका. बेकायदा तर आहेच, शिवाय त्याने लिंक एकाच बाजूने मोठ्याने बोलते, ऐकू येण्यात काही फरक पडत नाही. त्यावर पुढे येतोच. आणि मेशवरून इंटरनेट विकायला गेलात तर तो परवान्याचा वेगळा विषय आहे, हा लेख गावातल्या गावात बोलण्यापुरता.

जागा निवडताना

चिऱ्याची भिंत आणि वर मंगलोरी कौलं असं घर असेल तर अँटेना कौलांच्या वर काढा. कौलातून सिग्नल बऱ्यापैकी जातो, पण जाडजूड चिऱ्यातून, तोही पावसात पाणी प्यालेला चिरा, विसरा. पत्र्याची शेड मध्ये आली तर तिथून पुढे काहीच नाही.

"दिसतंय ना जेटीवरचं टोक, मग लागेल लिंक" हे अर्धच खरं. रेडिओला डोळ्याएवढी बारीक रेघ पुरत नाही, मध्ये भोपळ्यासारखी फुगलेली मोकळी जागा लागते, तिला फ्रेनेल झोन म्हणतात. १ किलोमीटरच्या लिंकला २.४ गिगाहर्ट्झवर मधोमध या भोपळ्याची त्रिज्या साधारण साडेपाच मीटर येते, २ किलोमीटरला जवळजवळ ८. त्यातला निदान ६० टक्के भाग मोकळा हवा. म्हणजे मध्ये आंब्याची बाग असेल आणि शेंड्याच्या जेमतेम वरून तुम्हाला जेटी दिसत असेल तर ती लिंक एप्रिलात लंगडत चालेल आणि मिरगाचा पाऊस पडला की बसेल. लोक म्हणतात पावसाने वायफाय जातं. पडणाऱ्या पावसाचा या फ्रिक्वेन्सीवर किलोमीटरमागे डेसिबलचा (सिग्नलची ताकद किती पटीने घटली-वाढली याचं माप) किरकोळ अंश जातो, तो सोडून द्या. ओली पानं खरी खातात. आंबा तर सदाहरित, दाट, पानं पाण्याने निथळत असतात, झाड म्हणजे पाण्याची भिंतच. म्हणून लिंकची परीक्षा घ्यायची तर पावसात घ्या, किंवा मे मध्येच घेताय तर १०-१५ डेसिबल शिल्लक राहतील अशी घ्या.

अँटेनाचा मोह आवरा. दुकानदार १२ डीबीआयचा (गेन, म्हणजे अँटेना ताकद किती एकवटतो, त्याचं माप) लांब दांडा पुढे करतो, "सर ये लो, ज्यादा रेंज". गोल फिरून सगळीकडे जाणारा अँटेना जास्त गेनचा असला की त्याची ताकद जमिनीला समांतर चपटी होते, उभ्या दिशेला जेमतेम सात-आठ अंश. शाळा टेकाडावर आणि जेटी खाली, तर शाळेवरचा हा दांडा जेटीच्या डोक्यावरून थेट क्षितिजाशी गप्पा मारतो. होडीवर तर अजून वाईट, होडी डुलली की ती चपाती एकदा पाण्यात एकदा आभाळात. होडीला ५-६ डीबीआयचा आखूड अँटेना, टेकाडालाही तसाच, आणि दोन्हीकडे उभाच लावा, एक उभा आणि एक आडवा असेल तर २० डेसिबलपर्यंत फुकट जातात.

काड्या बघू नका

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, इथे वेळ घ्या. पहिल्या आठवड्यात जेटीवरचे एक तांडेल (होडीचे म्होरके) काका फोन घेऊन आले आणि म्हणाले, "अरे मेल्या, दांडे पाच दिसतत, मगे चलणा कित्याक नाय?" प्रश्न शंभर टक्के बरोबर होता.

फोनवरच्या काड्या हे सांगतात की शेवटच्या राउटरचा आवाज फोनला किती मोठा येतो. त्यात तीन गोष्टी लपतात. एक, आवाज मोठा असला तरी बाजूला गोंगाट किती आहे ते कळत नाही. २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर रिसीव्हरची स्वतःचीच खरखर उणे ९५ डीबीएमच्या (सिग्नलच्या ताकदीचं माप, शून्याच्या जवळ तेवढं जास्त) आसपास असते, तुमचा सिग्नल उणे ७५ आला तर २० डेसिबल हातात, छान. पण जेटीसमोरच्या हॉटेलाने त्याच चॅनेलवर स्वतःचं वायफाय लावलं की तेच उणे ७५ कुचकामी. दोन, लिंकला दोन दिशा असतात आणि त्या सारख्या नसतात, तुम्ही मला ऐकता म्हणून मी तुम्हाला ऐकतो असं नाही, लग्नात लाऊडस्पीकरवाल्याला आपला आवाज कुठे जातो? तीन, काका ज्या राउटरजवळ उभे होते तिथून पुढचा हॉप मेला होता, त्याचं काड्यांना काय.

मग मोजायचं काय? पोचलेली पॅकेटं. शंभर पाठवली, समोर किती पोचली, हे दोन्ही बाजूंनी. यावरूनच एमआयटीच्या मंडळींनी २००३ मध्ये ईटीएक्स नावाचं माप मांडलं, आणि ते इतकं सोपं आहे की वहीत करता येतं. जाताना पोचण्याचं प्रमाण गुणिले परत येतानाचं प्रमाण, आणि १ ला त्याने भागायचं. परतीचं का? कारण वायफायमध्ये समोरच्याने "मिळालं" अशी पोच दिली तरच काम झालं असं धरतात, पोच हरवली की पाठवणारा परत पाठवतो. तर ईटीएक्स म्हणजे एक पॅकेट पार पडायला सरासरी किती वेळा ढकलावं लागेल.

आमचेच आकडे घ्या. घर ते जेटी थेट, जाताना ०.६, येताना ०.५. गुणाकार ०.३०, ईटीएक्स ३.३३. घर ते शाळा ०.९५ आणि ०.९५, गुणाकार ०.९०, ईटीएक्स १.११, शाळा ते जेटी पण तेवढीच, बेरीज २.२२. म्हणजे शाळेवरून वळसा घेतला तरी हवेत कमी वेळा ओरडावं लागतं! हॉप मोजणाऱ्याने डोळे झाकून थेट लिंक घेतली असती.

आता मोजताना एक फसवणूक होते ती सांगतो, यात मी स्वतः दोन आठवडे घालवले. मी पिंग मारायचो, ८-९ टक्के लॉस यायचा, म्हटलं ९१ टक्के लिंक आहे, मस्त. ते खोटं होतं. पिंग हे एकाला उद्देशून जाणारं पॅकेट, ते हरवलं तर वायफाय चिप तुम्हाला न सांगता परत परत पाठवते, साधारण सात प्रयत्न धरा. गणित करा, एका प्रयत्नात फक्त ३० टक्के पार पडत असेल तरी सातही फसायची शक्यता ०.७ चा सातवा घात, म्हणजे ८ टक्के. ७० टक्के मार खाणारी लिंक पिंगमध्ये ९२ टक्के दिसते. तिचं खरं रूप वेळेत दिसतं, पिंगचे आकडे ३, ४, ३, ८५, ४, १४०, ३ असे उड्या मारायला लागले की समजा आत मारामारी चाललीये. तर पिंगचा लॉस नका बघू, उड्या बघा, आणि पिंग मोठ्या साइजचं मारा, १४०० बाइटचं, छोटं पॅकेट फटीतून निसटून जातं.

खरं प्रमाण हवं तर ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना उद्देशून जाणारी पॅकेट मोजा, त्याला पोच नाही आणि रिट्राय पण नाही. आम्ही पायथनच्या पंधरा-वीस ओळी लिहिल्या, दर सेकंदाला नंबर टाकून एक पॅकेट, समोर लॅपटॉपवर किती नंबर आले ते मोजायचं, दहा मिनिटं इकडून, दहा मिनिटं तिकडून. पण थांबा, इथे उलटी फसवणूक आहे. ब्रॉडकास्ट बहुतेक वेळा सगळ्यात कमी वेगाने जातं, २.४ वर १ एमबीपीएस, आणि हळू बोललेलं लांबवर ऐकू जातं. त्यामुळे "मी इथे आहे" सांगणारी हॅलो पॅकेट आरामात पोचतात, प्रोटोकॉल खूश, शेजारी आहे म्हणतो, आणि खरा डेटा जास्त वेगाने निघतो तो वाटेत पडतो. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००२ मध्येच या मधल्या पट्ट्याला ग्रे झोन असं नाव दिलं होतं. उपाय सोपा, ओपनडब्ल्यूआरटीमध्ये मेश इंटरफेसचा मल्टिकास्ट रेट (ब्रॉडकास्ट ज्या वेगाने जातं तो) १२ एमबीपीएसच्या आसपास नेऊन ठेवा, म्हणजे जिथे डेटा जात नाही तिथे हॅलो पण जाणार नाही. शेजारी कमी दिसतील, घाबरू नका, जे दिसतील ते खरे.

बॅटमॅनमध्ये हे सगळं तुमच्या वतीने चालूच असतं. प्रत्येक नोड सेकंदाला एक ओजीएम नावाची आरोळी ठोकतो, शेजारी ती पुढे ठोकतो, आणि आपलीच आरोळी शेजाऱ्याकडून किती वेळा परत ऐकू आली यावरून जाण्याची बाजू कळते. त्यातून टीक्यू नावाचा आकडा निघतो, ० ते २५५. राउटरवर "batctl o" ही बॅटमॅनची आज्ञा दिली की यादी येते, त्यात कंसात हा आकडा असतो. आमच्या अनुभवाने २०० च्या वर निवांत, १५० च्या आसपास मेसेज जातील पण कॉल रडेल, १०० च्या खाली ती लिंक आहे असं धरून चालू नका. हे आमचे आकडे, तुमच्याकडे तुमचे काढा. आणि एकदा बघून विश्वास ठेवू नका, दर मिनिटाला फाईलमध्ये लिहीत जाईल असं करून ठेवा. का, ते आता येतंय.

रोज पाऊण तास उशिरा बिघडणारी लिंक

खाडीच्या दोन काठांवर दोन नोड, मध्ये साधारण २ किलोमीटर पाणी, झाड नाही काही नाही, आमची सगळ्यात देखणी लिंक. आणि हीच रोज मरायची. सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास, मंगळवारी पावणेअकरा, बुधवारी साडेअकरा. तास-दीड तास हाल, मग आपोआप बरी. राउटर बदलला, केबल बदलली, कुणीतरी रोज काहीतरी मशीन लावतो म्हणून आजूबाजूला चौकशी पण केली. वहीतल्या वेळा मी जेटीवर बसून वाचत होतो तर काकांनी नुसतं बघितलं आणि हसले, "ही तर भरतीची वेळ."

कोकणात भरतीचा हिशोब तिथीवर असतो, तिथीला पाऊणने गुणलं की भरतीचे तास येतात, गावोगाव थोडं पुढेमागे. म्हणजे भरती रोज पाऊण तासाने सरकते, घड्याळाने म्हणाल तर सरासरी ५० मिनिटं. माझी लिंक पंचांगाप्रमाणे बिघडत होती आणि मी फर्मवेअर बदलत बसलो होतो.

कारण असं. पाण्यावरून सिग्नल दोन वाटांनी जातो, एक सरळ आणि एक पाण्यावर आपटून. दोन्ही समोर भेटतात तेव्हा कधी एकमेकांना हात देतात कधी पाय ओढतात, ते दोन वाटांच्या लांबीतल्या फरकावर ठरतं. फरक काढायचं साधं सूत्र, दोन्ही उंचींचा गुणाकार, त्याची दुप्पट, भागिले अंतर. सुकतीला (ओहोटीला) आमचे अँटेना पाण्यापासून १० आणि ४ मीटर वर, म्हणजे ८० भागिले २०००, फरक ४ सेंटीमीटर. भरतीला पाणी दोन मीटर चढलं, उंची राहिली ८ आणि २, फरक १.६ सेंटीमीटर. २.४ गिगाहर्ट्झची लाट साडेबारा सेंटीमीटरची आणि पाण्यावर आपटताना ती उलटी होते, त्यामुळे फरक शून्याकडे गेला की दोघी एकमेकींना खोडतात. गणिताने सुकती आणि भरतीत ६ ते ७ डेसिबलचा फरक येतो, म्हणजे पॉवर पावपट. काठावरची लिंक तेवढ्याने जाते. उधाणाच्या भरतीला जास्त, भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास, भरती कमी चढते तेव्हा) काहीच नाही, आमच्या लॉगमध्ये अगदी तसंच निघालं.

उपाय केला तो एवढाच, खालचा ४ मीटरचा अँटेना माडाला बांबू बांधून ७ मीटरवर नेला. सुकतीचा आकडा किंचित हलला, भरतीचा सुधारला, लिंक दिवसभर टिकली. खाडी ओलांडणारी कुठलीही लिंक भरतीच्या वेळी मोजा, तीही अमावस्या किंवा पुनवेच्या आसपास.

होडीवरचा नोड

इथे मोबाईल या शब्दाला अर्थ येतो. होडी ८ नॉटने चालली म्हणजे सेकंदाला ४ मीटर. बॅटमॅन शेजाऱ्याचा दर्जा ठरवताना शेवटच्या ६४ ओजीएमची खिडकी धरतो, सेकंदाला एक म्हणजे ६४ सेकंद, तेवढ्यात होडी २६० मीटर पुढे गेलेली असते. लिंक हळूहळू सुकत जाते तेव्हा टीक्यूचा आकडा जुन्या चांगल्या दिवसांच्या आठवणीत रमलेला असतो. ओएलएसआरमध्ये हॅलो दर २ सेकंदांनी, आणि ६ सेकंद ऐकू आलं नाही की शेजारी गेला. म्हणजे खिडकी छोटी ठेवली तर नोड पटकन शहाणा होतो पण एका लाटेने आकडा कोसळतो आणि रस्ता इकडून तिकडे उड्या मारतो, खिडकी मोठी ठेवली तर शांत पण आंधळा. दोन्ही एकदम मिळत नाही, कोणाला मिळालेलं नाही.

आम्ही फक्त होडीवरच्या दोन नोडचा ओजीएम अर्ध्या सेकंदावर आणला, काठावरचे तसेच १ सेकंदावर ठेवले. सगळ्यांचे कमी करायचा मोह होतो, पण प्रत्येक आरोळी हवेतला वेळ खाते आणि बाकी सगळे ती पुढे ठोकतात. दहा-बारा नोड झाले की हवा आरोळ्यांनीच भरते. ओएलएसआरमध्ये म्हणूनच प्रत्येक जण पुढे ठोकत नाही, काही निवडक शेजारीच ते काम करतात. शिवाय ही होडी सावलीत जाते, कातळाच्या टोकामागे गेली किंवा मध्ये लोखंडी ट्रॉलर आडवा आला की लिंक हळू सुकत नाही, दिवा विझवल्यासारखी जाते, तिथे कुठलंच माप आधी सांगत नाही. यासाठी टोकावरच, दोन्ही बाजू दिसतील असा एक नोड लावायचा, सॉफ्टवेअरने हे सुटत नाही.

अजून एक, जेटीवर मासळीचा लिलाव बघितलाय ना, मधल्या गिऱ्हाइकाला दोन्ही बाजूंच्या विकणाऱ्यांचा आवाज येतो पण गर्दीच्या दोन टोकांना उभ्या विकणाऱ्यांना एकमेकांचा येत नाही, दोघं एकदम ओरडतात आणि मधल्याला काहीच कळत नाही. वाडी आणि होडी एकमेकांना ऐकत नाहीत, शाळा दोघांना ऐकते, तिथे अशीच टक्कर होते. आरटीएस-सीटीएस चालू केलं की बोलण्याआधी परवानगी मागतात, थोडा वेग जातो, आमच्याकडे कॉल सुधारले.

वेगाचं म्हणाल तर एकाच रेडिओवर साखळी केली की दोन हॉपला निम्मा, आणि लांब साखळीत कागदावर चौथाई, प्रत्यक्षात सातव्या भागापर्यंत खाली येतो. तीन हॉपच्या पुढे व्हिडिओची स्वप्नं बघू नका. आवाज आणि मेसेज जातात, वादळात तेवढंच लागतं.

आणि होडी बंदराबाहेर पार लांब जाणार असेल तर वायफायचा नाद सोडा. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या विनापरवाना पट्ट्यात लोरा (हळू पण लांब जाणारं रेडिओ तंत्र) चालतं, त्यावरच्या मेश्टॅस्टिक या मेश सॉफ्टवेअरचे छोटे बोर्ड मिळतात, रिजन सेट करताना भारत निवडा. फक्त टेक्स्ट, पण लांब जातो. सगळ्यांना जाणाऱ्या मेसेजसाठी त्यात रस्ता ठरवणं नाहीच, ऐकलं ते परत ओरडायचं, हॉपची मर्यादा मूळ ३, आणि ज्याला सगळ्यात कमजोर ऐकू आलं तो बहुतेक लांबचा म्हणून आधी तो ओरडतो. लिंकचा दर्जा उलटा वापरलाय, मला फार आवडलं ते.

खारं वारं, माकडं आणि बॅटरी

अँटेनाचा एसएमए कनेक्टर खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात हिरवा पडतो. आधी इन्सुलेशन टेप, वर रबराची आपोआप चिकटणारी टेप, वर परत साधी. केबल डब्यात खालून वर शिरली पाहिजे, म्हणजे पाणी वळणावरून ठिबकून जातं. कनेक्टर सडला की टीक्यू एकदम पडत नाही, महिन्याला पाच-दहा करत उतरतो, म्हणून तो लॉग. माकडांवर आमच्याकडे उपाय नाही. दोन अँटेना मोडलेत, तिसरा पीव्हीसी पाईपच्या आत घातलाय, अजून आहे.

बॅटरी: ५ वॉटचा राउटर दिवसाला १२० वॉट-अवर खातो, १२ व्होल्टवर १० अँपिअर-अवर. लेड-अॅसिड निम्म्याच्या खाली नेऊ नये, म्हणजे एका दिवसाला २० ची बॅटरी, आणि जुलैत सलग तीन दिवस ऊन नसतंच, मग ६० च्या वर. सोलर पॅनल मोठं लावून हे सुटत नाही.

सगळं लागलं की मेच्या पहिल्या आठवड्यात एक काम करा, मुद्दाम शाळेवरचा नोड बंद करा आणि घड्याळ लावून बघा जेटीचा कॉल किती सेकंदांनी दुसऱ्या रस्त्याने परत येतो. आमचा पहिल्यांदा आलाच नाही, कारण दुसरा रस्ता होता तो त्याच बॅटरीवर चालत होता.